संगणकाच्या वर्गात कोण बसले आहे? : विद्यापीठीय आणि ऑनलाइन शिक्षणातील विद्यार्थिवैविध्याचा विचार

कोणत्याही शिक्षणसंस्थेची पारख करायची असेल, तर तिच्या निकालाबरोबर तिचे हजेरीपुस्तकही पाहावे. निकालावरून आत आलेल्या विद्यार्थ्यांचे काय झाले ते कळते. हजेरीपुस्तकावरून मुळात आत कोण येऊ शकले, आणि कोण बाहेरच राहिले, ते कळते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरवण्यात आले. अभ्यासक्रम विद्यापीठाचाच होता, परीक्षाही तीच होती. बदलली ती केवळ वर्गाची वेळ. परंतु तेवढ्या बदलाने वर्गात बसणारी माणसे बदलली. कारकून, कामगार, घरातील पहिलाच शिकणारा मुलगा अशांना महाविद्यालयाची पायरी चढता आली. शिक्षणाची रचना कशी आहे यावर शिकणारे कोण असतील हे ठरते, हा धडा त्या सकाळच्या वर्गांनी घालून दिला.

आज हाच प्रश्न संगणकशिक्षणाच्या बाबतीत नव्याने उभा आहे. बँक, रेल्वे, रुग्णालय, शेतमालाचा बाजार, शासकीय दाखला यांपैकी संगणकावाचून चालणारे क्षेत्र आता उरलेले नाही. आज्ञावली लिहिणे, माहितीचे विश्लेषण करणे ही कामे ज्यांच्या हाती येतील, त्यांच्या घराचे दिवस पालटतील. म्हणून ही विद्या कोणाकोणापर्यंत पोहोचते हा सामाजिक न्यायाचा प्रश्न ठरतो. ऑनलाइन वर्गाने वेळ आणि अंतर हे दोन्ही अडथळे दूर केले, असे आपण वारंवार ऐकतो. ते कितपत खरे आहे, आणि कोणासाठी खरे आहे, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

आपल्या परिसरातील तीन विद्यार्थी

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याच्या आठ तालुक्यांत वसईसारखा दाट वस्तीचा तालुका आहे आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी यांसारखे डोंगराळ तालुकेही आहेत. २०१९ वा २०२० ची स्थिती सोडा, २०११ च्या जनगणनेतही वसई-विरार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. त्याच जनगणनेनुसार आजच्या जिल्ह्याच्या हद्दीतील एक तृतीयांशाहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. मराठीबरोबर वाडवळी, सामवेदी, कोळी, वारली, गुजराती, हिंदी अशा कितीतरी बोली आणि भाषा येथे नांदतात.

विवेचनाच्या सोयीसाठी या परिसरातील तीन विद्यार्थी कल्पू. पहिला विरारच्या एका इमारतीत राहतो. वडील नोकरीला, घरी लॅपटॉप, शाळा इंग्रजी माध्यमाची. दुसरा अठ्ठावीस वर्षांचा असून आय.टी.आय. झालेला आहे. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत तो पाळीवर काम करतो. संगणकचालित यंत्र तो रोज हाताळतो आणि त्यामागची आज्ञावली समजून घ्यावी असे त्याला वाटते. तिसरी मोखाड्याच्या एका पाड्यावरची मुलगी आहे. आश्रमशाळेत राहून मराठी माध्यमातून ती बारावी विज्ञान उत्तीर्ण झाली आहे. तिच्या घरी संगणक कधी आला नाही, आणि घरातला एकमेव मोबाईल भावाकडे असतो. बुद्धीच्या बाबतीत तिघांत डावे-उजवे करता येणार नाही. पाहायचे आहे ते हे की, कोणते दार कोणासाठी उघडते.

विद्यापीठाचा वर्ग

विद्यापीठाच्या वर्गात बहुतेक विद्यार्थी एकाच वयाचे असतात. बारावी संपली, प्रवेश परीक्षा दिली, गुणानुक्रमे जागा मिळाली, असा हा सरळ मार्ग असतो. आपल्या भागात १९९४ मध्ये वसई रोड येथे विद्यावर्धिनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्यानंतर विरार आणि पालघर परिसरातही अशी महाविद्यालये निघाली. त्यामुळे आपल्या पहिल्या विद्यार्थ्याला या शिक्षणासाठी दूर जावे लागत नाही.

या वर्गाचे एक मोठे बळ आहे. त्यातील वैविध्य योगायोगावर सोडलेले नाही. त्यामागे कायदा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ (४) च्या आधारे महाराष्ट्रातील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांसह अनुसूचित जातींसाठी १३ टक्के आणि अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के जागा राखीव असतात. मुलींसाठीही राखीव जागांची तरतूद आहे. शिष्यवृत्ती आणि वसतिगृह यांची जोड मिळाली, तर मोखाड्याची मुलगी या वर्गात येऊन बसू शकते. दुसऱ्या विद्यार्थ्याला मात्र हे दार बंदच असते. त्याचे वय उलटून गेलेले आहे, आणि दिवसाचा वर्ग करायचा तर पगार सोडावा लागेल.

आत आलेल्या सर्वांचे पुढे सारखे होते असेही नाही. आज्ञावली लेखनाच्या पहिल्या अभ्यासक्रमात जगभरातील महाविद्यालयांत सरासरीने सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी उत्तीर्ण होत नाहीत, असे २००७ आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन आंतरराष्ट्रीय पाहण्यांत आढळले. यामागील एक कारण प्रत्येक संगणकशिक्षकाने ओळखावे असे आहे. ज्याने घरी संगणक हाताळलेला असतो, तो पहिल्याच आठवड्यात भराभर उत्तरे देतो. शिक्षकाला तो हुशार वाटतो. ज्याने कळफलक पहिल्यांदाच पाहिला, त्याला स्वतःविषयी शंका येऊ लागते. अनुभवातील फरकाला आपण बुद्धीतील फरक समजतो, आणि हा गैरसमज एखाद्याचे आयुष्य बदलून टाकतो.

अमेरिकेचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे १९८० च्या दशकाच्या मध्यावर संगणकशास्त्राच्या पदवीधरांत सुमारे ३७ टक्के स्त्रिया होत्या. पुढे हे प्रमाण घसरत एक पंचमांशाच्या आसपास आले. घरगुती संगणक बाजारात आले ते प्रामुख्याने मुलग्यांचे खेळणे म्हणून, आणि महाविद्यालयांनी तो घरचा अनुभव गृहीत धरून शिकवायला सुरुवात केली, हे त्यामागचे एक प्रमुख कारण मानले जाते. कॅलिफोर्नियातील हार्वी मड महाविद्यालयाने २००६ च्या सुमारास उलट दिशेने पाऊल टाकले. पूर्वानुभव असलेल्यांचा आणि नसलेल्यांचा पहिला वर्ग वेगळा केला, आणि उदाहरणे निरनिराळ्या विषयांतून घेतली. काही वर्षांतच तेथील संगणकशास्त्र विभागात मुलींचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या घरात गेले. मुली त्याच होत्या. शिकवण्याची पद्धत बदलली होती.

ऑनलाइन वर्ग

आता दुसरे दार पाहू. भारतात एनपीटीईएल हा आय.आय.टी. आणि भारतीय विज्ञान संस्था यांचा संयुक्त उपक्रम २००३ मध्ये सुरू झाला. व्याख्याने विनामूल्य पाहता येऊ लागली आणि २०१४ पासून परीक्षा देऊन प्रमाणपत्रही मिळू लागले. ९ जुलै २०१७ रोजी केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या मंचाचे उद्घाटन झाले. मुंबई आय.आय.टी.चे प्राध्यापक दीपक फाटक यांचा संगणक आज्ञावलीचा प्राथमिक अभ्यासक्रम २०१४ मध्ये एडएक्स या जागतिक मंचावर आला. पूर्वी जो वर्ग पवईच्या आवारातील काहीशे विद्यार्थ्यांना मिळत असे, तो जगातील कोणालाही खुला झाला. प्रवेश परीक्षा नाही, वयाची अट नाही, ठरावीक वेळ नाही.

या वर्गात कोण आले? हार्वर्ड विद्यापीठ आणि एम.आय.टी. यांनी २०१२-१३ मधील आपल्या पहिल्या १७ ऑनलाइन अभ्यासक्रमांचा अहवाल जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. एकूण नोंदणी ८,४१,६८७ होती. सर्वांत जास्त आढळणारा विद्यार्थी म्हणजे २६ वर्षे वा त्याहून अधिक वयाचा, आधीच पदवी घेतलेला पुरुष; तरीही असे विद्यार्थी एकूणात एक तृतीयांशाहून कमीच होते. ३३ टक्क्यांचे शिक्षण शालेय पातळीपर्यंतचे होते. ६ टक्क्यांहून अधिक लोक पन्नाशी ओलांडलेले होते. असा वर्ग कोणत्याही विद्यापीठाच्या इमारतीत भरणार नाही. मात्र स्त्रिया केवळ २९ टक्के होत्या, आणि जगातील अतिमागास देशांतून आलेल्यांचे प्रमाण ३ टक्क्यांपेक्षाही कमी होते.

एकाच पदवीच्या दोन वर्गांची तुलना हवी असेल, तर जॉर्जिया टेक विद्यापीठाकडे पाहावे. संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी तेथे प्रत्यक्ष वर्गातही मिळते आणि २०१४ पासून सुमारे सात हजार डॉलरच्या अल्प शुल्कात ऑनलाइनही मिळते. अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हींच्या अर्जदारांचा अभ्यास केला. प्रत्यक्ष वर्गाचा सरासरी अर्जदार चोवीस वर्षांचा, नुकताच पदवीधर झालेला आणि परदेशी होता. ऑनलाइन वर्गाचा सरासरी अर्जदार चौतीस वर्षांचा, नोकरीत स्थिरावलेला अमेरिकन होता. म्हणजे ऑनलाइन वर्गाने विद्यापीठाचे विद्यार्थी पळवले नाहीत. ज्यांना दुसरा मार्गच नव्हता, असा एक वेगळा समूह त्याने आत घेतला. आपल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला, पाळीवरून रात्री घरी परतणाऱ्या त्या कामगाराला, हे दार खरोखरच उघडते. सिद्धार्थ महाविद्यालयाच्या सकाळच्या वर्गाचे हे आजचे रूप म्हणता येईल.

उंबरठ्याच्या आत

परंतु दार उघडे असणे आणि आत टिकून राहणे यांत अंतर आहे. वर उल्लेखिलेल्या ८,४१,६८७ नोंदणींपैकी प्रमाणपत्रापर्यंत पोहोचल्या त्या ४३,१९६, म्हणजे शंभरातील पाच. पुढील वर्षांत यात सुधारणा झाली नाही. याच दोन संस्थांच्या २०१७-१८ मधील अभ्यासक्रमांत पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ३.१३ टक्के होते. प्रत्येकजण पूर्ण करण्याच्या इराद्याने येत नाही. कोणी एखादे व्याख्यान ऐकून समाधानाने परततो, हेही खरे आहे. म्हणून केवळ या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. कोण टिकते, हा त्यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

त्याचे उत्तर २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या या अभ्यासात असे दिसले की, विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रमांकडे सधन वस्तीतील मुलेच अधिक वळतात. किशोरवयीन विद्यार्थ्यांत ज्यांच्या आई किंवा वडिलांनी महाविद्यालयीन शिक्षण घेतलेले होते, त्यांची प्रमाणपत्र मिळवण्याची शक्यता इतरांच्या जवळपास दुप्पट होती. शुल्क शून्य असूनही दरी राहिली. कारण अडल्यावर कोणाला विचारायचे, अभ्यासाला शांत जागा कोठून आणायची, कंटाळा आला तरी उद्या पुन्हा बसायचे ही सवय कोणाकडून घ्यायची, या गोष्टी व्याख्यानासोबत विनामूल्य येत नाहीत. त्या घरातून येतात. ज्या घरात त्या नाहीत, तेथे संस्थेने द्याव्या लागतात.

आपल्या देशात याच्याही आधीची अडचण आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भारतातील केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शहरी भागात हे प्रमाण २३.४ टक्के होते. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के, तर शहरी भागात ४२ टक्के कुटुंबांना होती. त्यानंतर मोबाईल आणि इंटरनेट खूप पसरले हे खरे; परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही देशातील साधारण तीन स्त्रियांपैकी एकीनेच कधीतरी इंटरनेट वापरले होते, तर पुरुषांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळा मोबाईलवर आल्या, तेव्हा या आकड्यांचा अर्थ आपण डोळ्यांनी पाहिला. एका घरात एक मोबाईल आणि तीन भावंडे असतील, तर तो कोणाच्या हाती जातो, हे सांगण्यासाठी संशोधकाची गरज नाही. शिवाय मोबाईलवर व्याख्यान ऐकता येते, पण आज्ञावली लिहून, चालवून, चुका दुरुस्त करून शिकायला कळफलक लागतो. मोखाड्याच्या मुलीला ऑनलाइन वर्ग कागदोपत्री खुला असतो. प्रत्यक्षात तिच्यापर्यंत तो पोहोचतच नाही.

दोन्ही वर्गांची बाजू मांडून पाहिली की एक सूत्र हाती येते. विद्यापीठाचे दार अरुंद आहे, पण आत आलेल्या विद्यार्थ्याची जबाबदारी कोणावर तरी असते. हजेरी घेतली जाते, शिक्षक समोर असतो, बाजूला मित्र असतो. ऑनलाइन वर्गाचे दार रुंद आहे, पण कोणी निघून गेले तर त्याची कोणालाच चुकचुक लागत नाही. दाराच्या रुंदीवरून कोण येतील ते ठरते, आणि मागे पडलेल्याची विचारपूस होते की नाही यावरून कोण टिकतील ते ठरते. खरे वैविध्य हवे असेल, तर या दोन्ही गोष्टी एकत्र आणाव्या लागतील.

एकत्र आणण्याचे प्रयत्न

असे प्रयत्न आपल्याकडे होत आहेत. मद्रास आय.आय.टी.ने २०२० मध्ये प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्स या विषयांची ऑनलाइन पदवी सुरू केली. तीत जे.ई.ई. उत्तीर्ण होण्याची अट नाही. आधी चार आठवडे विषय शिकवला जातो, मग त्यावरच पात्रता परीक्षा होते. पूर्वी काय येत होते यापेक्षा आता शिकवलेले किती आत्मसात केले, हे येथे पाहिले जाते. दर आठवड्याला स्वाध्याय असतात आणि मुख्य परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर होतात. वयाची अट नाही. मधल्या टप्प्यावर प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन थांबता येते. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि कमी उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत मिळते. वसईचा कामगार आणि मोखाड्याची मुलगी या दोघांनीही ही वाट माहीत करून घ्यावी.

भाषेच्या अडचणीवर मुंबई आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने साधा उपाय काढला. सुमारे दहा मिनिटांचा एकेक पाठ असतो. पडद्यावर प्रत्यक्ष काम दिसते आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येते. पडद्यावरील आज्ञा इंग्रजीच राहतात, त्यामुळे पुढे नोकरीत अडचण येत नाही. समज मात्र आपल्या भाषेतून येते. २०२१-२२ पासून पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा वर्ग मराठीतूनही सुरू झाला. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून, शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्यांसाठीच उभे आहे.

निवासी शाळेचे कार्य

या साऱ्यात निवासी शाळेला एक आगळे स्थान आहे. ऑनलाइन वर्गाला ज्याची उणीव भासते, ते सारे तिच्याकडे आहे: ठरलेली वेळ, शांत जागा, शेजारी बसणारा सोबती आणि नाव घेऊन विचारणारा शिक्षक. आय.आय.टी.च्या प्राध्यापकाचे व्याख्यान तिला विनामूल्य मिळते. सोबत तिची स्वतःची असते. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी पुढील गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट, संध्याकाळच्या अभ्यासवेळेत संगणककक्षाची एक वेळ ठरवून द्यावी आणि पाठ सर्वांनी मिळून पाहावा. पाच-सात जणांनी एकत्र सुरू केलेला अभ्यासक्रम एकट्याने सुरू केलेल्यापेक्षा शेवटास जाण्याची आशा अधिक असते.

दुसरी, एका संगणकावर दोघांना बसवावे आणि दर पंधरा मिनिटांनी कळफलक बदलायला लावावा. एकाने लिहावे, दुसऱ्याने वाचून चूक सांगावी. हा नियम नसेल, तर ज्याला थोडे येते तोच शेवटपर्यंत लिहीत राहतो आणि दुसरा नुसता पाहत बसतो, असा अनुभव प्रत्येक शिक्षकाला आहे.

तिसरी, अगदी नवख्या विद्यार्थ्यांचा पहिला महिना वेगळा ठेवावा. त्यांना एकमेकांसमोर चुकण्याची मुभा मिळाली की भीती ओसरते.

चौथी, उदाहरणे जवळची घ्यावीत. ‘लूप’ म्हणजे काय हे सांगताना वसतिगृहाच्या भोजनगृहातील वाढपाचे उदाहरण द्यावे: पंगतीत पान आहे तोवर पुढे जा, एक पोळी वाढ, पंगत संपली की थांब. ‘जर-तर’ ही अट शिकवताना लोकल गाडी घ्यावी: गाडी जलद असेल तर या स्थानकावर थांबायचे नाही, अन्यथा थांबायचे. कल्पना आधी मराठीत मनात उतरू द्यावी. इंग्रजी संज्ञा तिच्यावर अलगद बसते.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, गळतीची नोंद ठेवावी. कोण कितव्या पाठावर थांबले, हे दर आठवड्याला पाहावे आणि त्याच आठवड्यात त्या विद्यार्थ्याशी बोलावे. मुली किती, नवखे किती, मराठी माध्यमाचे किती, आणि त्यांपैकी शेवटपर्यंत किती पोहोचले, हे चार आकडे वर्षाअखेरीस शाळेने स्वतःपुढे मांडावेत. जे मोजले जात नाही, ते कोणाच्या लक्षातही राहत नाही.

विद्यार्थ्यांनो, या लेखातील तिघांपैकी तुम्ही कोणाच्याही जवळचे असाल. पहिल्यासारखे असाल, तर तुमचा वेग हा काही अंशी तुमच्या घराने दिलेला आहे हे ओळखा आणि शेजारच्याला हात द्या. दुसऱ्यासारखे काम करीत शिकणार असाल, तर उशीर झाला असे मानू नका. तुमच्यासाठी दार उघडे आहे. आणि तिसरीसारखे असाल, तर पहिल्या आठवड्यात काही समजले नाही म्हणून ही विद्या आपली नव्हे असा निष्कर्ष काढू नका. विचारा, पुन्हा विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत जागा सोडू नका. त्या खुर्चीवर तुमचा हक्क इतर कोणाहूनही कमी नाही.